चौकट

आमच्या घराचं दार घराच्या आधी तीन वर्षं आलं. घर नव्हतं, भिंत नव्हती, बांधायचं म्हटलं तर हातात पैसा नव्हता आणि मायनं दार विकत घेऊन ठेवलं. सागवानी चौकट, दोन फळ्यांचं दार, वरच्या पट्टीवर कोरलेली कमळं आणि मधोमध गणपती. किंमत साडेतीनशे रुपये. ही १९९८ सालची गोष्ट. बैलगाडीतून ते दार गल्लीत उतरलं तेव्हा सगळी गल्ली बघायला जमली. दादा दोन दिवस मायशी बोलले नाहीत. धाकटा चुलता, आमचे तात्या, ओट्यावर बसून म्हणाले, "वहिनी, दार तर आणलं. आता घर कव्हा आणता?"

"आणू की," माय म्हणाली. "दार आलंय म्हणल्यावर घराला यावंच लागंल."

असं दार साडेतीनशेला मिळालं कसं, ते सांगितलं पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मी चार वर्षांचा होतो. लोक गणपती बुडवून झोपले होते. लातूर-उस्मानाबादकडं दहा हजारांच्या आसपास माणसं दगडामातीच्या भिंतींखाली अन् माळवदांखाली गेली. आमचं गाव बीड जिल्ह्यात, धारूरच्या डोंगरात. आमच्याकडं उतरंडीची भांडी वाजली, भिंतींना तडे गेले, माणूस कुणी गेलं नाही. पण माळवदाचा धसका बसला तो बसलाच. लोक कितीतरी दिवस अंगणात झोपले. पुढच्या चार-पाच वर्षांत ज्याची ऐपत होती त्यानं माळवद उतरवून पत्रे टाकले. जुन्या तुळया, खांब, चौकटी रस्त्याच्या कडेला पडल्या. ज्यांच्या ओसरीत उभं राहायलाही आम्ही दबकत होतो, त्यांच्या वाड्याचं दार आमच्या अंगणात येऊन टेकलं, ते असं.

आता मायला दाराचंच एवढं काय होतं? तर आम्हाला दार नव्हतं. वाटणीत दादांना दीड खण आले होते. अर्धा खण म्हणजे काय, ते ज्यांनी वाटण्या बघितल्यात त्यांनाच कळेल. दोन खांबांमधली अर्धी जागा आपली, अर्धी भावाची, मधे ज्वारीच्या कणग्यांची आडभिंत. घराचं एकुलतं एक दार तात्यांच्या वाटणीत. आत-बाहेर करायचं तर त्यांच्या बाजेला वळसा घालून. तात्या वाईट नव्हते, पण पाहुणे आले की आम्ही आत अडकायचो नाहीतर बाहेर.

हे वर्षातले सहा महिने. उरलेले सहा महिने कोपीत. माझे मायबाप ऊसतोडीला जायचे. दसऱ्याच्या पुढं-मागं मुकादम यायचा, उचल द्यायचा आणि दिवाळी झाली की ट्रकात बाजरीची पोती, चूल-भांडी, कोंबड्या, म्हातारी, पोरं असं सगळं भरून टोळी निघायची, कधी सांगलीकडं, कधी कोल्हापूरकडं, एकदा थेट कर्नाटकात. कारखान्याच्या आसपास रिकाम्या रानात कोप्या पडायच्या. बांबूच्या कामट्या वाकवून रोवायच्या, वरून चटई नाहीतर पाचट. आत वाकून शिरायचं. दाराच्या जागी पोतं. पहाटे तीनला गाडी भरायला जायचं म्हणून बाया अंधारातच अंघोळ उरकायच्या, साडीच्या आडोशाला. माय उशाला कोयता घेऊन झोपायची. मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच आया अशा झोपतात.

फडावर नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हिशेब माणसाचा नसतो, कोयत्याचा असतो. दिवसाला पावणेदोन-दोन टन ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. त्या वर्षांत आमच्या टोळीला टनामागं साठ-सत्तर रुपये पडायचे. पाच महिने राबून जे व्हायचं ते आधीच घेतलेल्या उचलीत जिरायचं. एखाद्या दिवशी ताप आला, गेलो नाही, तर खाडा. म्हणजे मजुरी बुडायची आणि वर दंड. पट्टा पडला की मुकादम वही उघडायचा. फिटली तर नशीब, नाहीतर बाकी अंगावर, आणि बाकी अंगावर असली की पुढच्या साली त्याच मुकादमाकडं. यातून घर कुठून निघणार? आमच्या भावकीत कुणाचंच निघालं नव्हतं.

मायनं दाराचे पैसे काढले ते वाढ्यातून. ऊस तोडला की शेंड्याचं हिरवं वाढं उरतं, ते जनावरं खातात. संध्याकाळी वाढ्याच्या पेंढ्या बांधून त्या गावच्या शेतकऱ्यांना विकायच्या. त्या पैशावर मुकादमाचा हात नाही. त्यातून मीठ-मिरची, तेल, चहापत्ती भागायची. त्या हंगामात मायनं चहा बंद केला आणि तेलाला हात आखडता घेतला. साडेतीनशे रुपये पोलक्याच्या खिशात शिवून ती गावाला परतली.

चौकट तीन वर्षं तात्यांच्या भिंतीला टेकून उभी होती. दाराच्या फळ्या आत, कणग्यांमागं. आम्ही पोरं त्या चौकटीतून इकडून तिकडं जायचो. माझी थोरली बहीण अक्का त्या खेळात घरमालकीण असायची. ती चौकटीच्या आतल्या अंगाला, म्हणजे भिंतीला पाठ लावून बसायची आणि आम्ही बाहेरून लाकडावर टकटक केलं की खणखणीत आवाजात विचारायची, "कोण हाय? काय काम हाय?" काम सांगितल्याशिवाय आत घ्यायची नाही. मला तर कितीदा पाहुणा म्हणून परत लावलं तिनं.

दारिद्र्यरेषेचा सर्व्हे झाला होता, त्या यादीतल्यांना घरकुलं मिळणार असं बोललं जात होतं. दादा चौकशीला गेले. यादीत आमचं नाव नव्हतं. सर्व्हेवाले आले तेव्हा आम्ही फडावर होतो. "कुटुंब आढळून आलं नाही," असं काहीतरी तिथल्या माणसानं सांगितलं. गावात ज्यांचे ट्रॅक्टर होते ते गावातच होते, त्यामुळं आढळून आले. दादा घरी येऊन एवढंच म्हणाले, "आपून गावात न्हाई म्हणं." पुन्हा त्या वाटेला ते गेले नाहीत.

मग २००१ च्या उन्हाळ्यात फडावरून आल्या आल्या दादांनीच कुदळ घेतली. गावाच्या कडेला वाटणीत आलेली गोठ्याची जागा होती, वीस बाय पंचवीस. एक खोली दहा बाय चौदा आणि पुढं पडवी, असं मायनं काठीनं मातीवर आखलं. दगड आमच्या मुरमाड रानातून निघाला. दादांनी अन् मायनं सुरुंग न लावता, पहारीनं काढला. पाया नि जोतं त्याच दगडात झालं. विटा पाच हजार, हजाराला अकराशे. मी सातवीत जाणार होतो, अक्षर बरं होतं, म्हणून हिशेब लिहायचं काम माझ्याकडं. गणिताच्या वहीच्या मागच्या पानापासून मी उलटं लिहीत यायचो. ती वही अजून आहे. "विटा ५,५००. वाळू ९००. सिमेंट पोती पंचवीस, ३,६००. मिस्त्री व बिगारी..." बिगारी म्हणून दादाच होते, पण मिस्त्रीनं स्वतःचा एक माणूस आणला होता, त्याचे पैसे द्यावे लागले. भिंती मातीत बांधायच्या आणि वरून सिमेंटनं दर्जा भरायच्या, असं ठरलं. सगळं सिमेंटात करायची ताकद नव्हती.

चौकट उभी करायचा दिवस आला. मिस्त्रीनं टेप लावला आणि डोक्याला हात लावला. वाड्याचं दार ते. त्याच्या मापानं भिंतीत जागा सोडली तर पुढच्या भिंतीचा निम्मा भाग दारच. "मावशी, घराला दार लावायचंय का दाराला घर?" तो म्हणाला. खिडकीसाठी जागाच उरली नाही. मायनं खिडकी सोडली, दार सोडलं नाही. उंबऱ्याखाली तिनं एक चांदीची जोडवी ठेवली. दुसरी कुठं गेली ते मला कधीच कळलं नाही. बहुतेक सिमेंटात गेली.

भिंती आठ फुटांवर गेल्या आणि पैसे संपले. पत्रे राहिले. बारा फुटी सात आणि पडवीचे आठ फुटी सात, असे चौदा पत्रे, ५,६००. वर अँगल आणि पाइप २,१००. बचत गट गावात नवा नवा आला होता. मायचा महिन्याला वीस रुपये हप्ता. तिथून मिळून मिळून किती मिळणार? मृगाचा पाऊस आला तो उघड्या भिंतींवर. दादांनी भिंतींच्या माथ्यावर पाचट घालून वरून दगड ठेवले, फाटके कागद टाकले. आम्ही पुन्हा तात्यांच्या बाजेला वळसा घालून दीड खणात. भादव्याच्या पावसात मागच्या भिंतीची एक बाजू फुगली. मातीतलं बांधकाम. दर्जा कितीही भरा, डोक्यावरून पाणी मुरलं की आत चिखल. अजून एक पावसाळा बिनपत्र्याचा गेला असता तर भिंती बसल्या असत्या आणि आधीचं सगळंच गेलं असतं.

दसऱ्याला मुकादम मोटारसायकलवरून आला. उचलीचं बोलणं झालं. एका कोयत्याला द्यायची ती रक्कम त्यानं सांगितली. दादांनी पत्र्यांचं सांगितलं. तो भिंतींकडं बघून आला होता. म्हणाला, "आण्णा, एका कोयत्यावर मी तरी किती वढू? पोरगी मोठी झाली की तुमची. अर्धा कोयता धरा. पाच हजार टाकतो वरून."

अक्का चुलीपुढं भाकरी थापत होती. चौदा वर्षांची, आठवीत. तोवर ती न् मी सहा महिने आजीपाशी गावात राहायचो, शाळेसाठी. मला पावकी-निमकी तिनंच पाठ करून घेतली होती, आणि गणितात ती माझ्याच काय, वर्गातल्या सगळ्यांच्या पुढं होती. तिनं भाकरी थापायची थांबवली नाही. माय खाली बघत राहिली. दादांनी तिला विचारलं नाही, मायनं विचारलं नाही. मीही शेजारीच बसलो होतो वही घेऊन. माझ्या त्या पानावर ओळ आहे: "अक्का, अर्धा कोयता, ५,०००." त्याखाली लगेच: "पत्रे." अक्षर वळणदार आहे. त्या दिवशी मला आनंद झाला होता, हे खरं. घराला पत्रे येणार होते.

शाळेतून तिचं नाव कुणी काढलं नाही. हजेरीत गैरहजर लागत राहिलं आणि मग कधीतरी पटावरून गेलं. मास्तर एकदा घरी आले होते. दादांनी त्यांना चहा पाजला.

तो हंगाम अक्कानं तोडला, आणि पुढचा पण. पहिल्या हंगामातून आली तेव्हा तिच्या डाव्या हाताच्या करंगळीवर कोयत्याचा व्रण होता आणि बोलणं कमी झालं होतं. २००२ च्या मे महिन्यात पत्रे चढले. जे हुक आवळताना मी खालून नट देत होतो. मिस्त्रीचं शेवटचं देणं भागवलं त्या रात्री मी बेरीज केली. दारासकट २१,२५०.

घरात गेलो तो दिवस मला पुरता आठवतो. नारळ फोडला, आजीनं दूध उतू घातलं. शेजारपाजारचे जेवून गेले. आम्ही अंगणात भांडी आवरत होतो, तेवढ्यात अक्का आत गेली आणि तिनं दोन्ही फळ्या ओढून आतून कडी घातली. दादांनी दार ढकललं. आतून आवाज आला, "कोण हाय? काय काम हाय?" दादांना काही कळेना. मी सांगितलं, काम सांगा. दादा म्हणाले, "मी हाय. झोपायचं काम हाय." अक्कानं दार उघडलं. माय हसता हसता खाली बसली. रात्री वळवाचा पाऊस आला, पत्र्यावर नुसता ताशा. आवाजानं कुणाला झोप नाही. माय दोनदा उठून कडी चाचपून आली. उशाला कोयता नव्हता.

दोन वर्षांनी अक्काचं लग्न झालं. अठरा पूर्ण नव्हती. तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि आम्ही स्वतःलाही विचारलं नाही. नवराही ऊसतोडीचाच, म्हणजे ती आता पूर्ण कोयता झाली. त्याच सुमाराला गावात घर नवरा-बायको दोघांच्या नावावर लावायचा शासनाचा निर्णय आला, आणि ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर दादांच्या नावाखाली मायचं नाव लागलं. मायला वाचता येत नव्हतं. तिनं मला तो कागद तीनदा वाचायला लावला.

मी शिकत गेलो, नोकरीला लागलो. दादा २०१५ ला गेले. वारसाची नोंद करायची तर अक्काची सही लागणार होती. ती आली, शंभराच्या बाँडवर हक्क नसल्याचं लिहून आणलं होतं, त्यावर तिनं सही केली. आमच्याकडं असंच करतात. बहिणीनं सही केली की भाऊ तिला साडी घेतो. मीही घेतली. ती सही करताना मी तिच्या करंगळीकडं बघत होतो आणि तरीही कागद पुढं सरकवत होतो. "कुठं करू?" तिनं विचारलं. मी बोट ठेवलं. मी तेव्हा थांबवू शकत होतो. माझं काही अडलं नव्हतं. पण सगळे करतात ते करताना माणसाला लाज वाटत नाही, ती मागून वाटते.

२०१७ ला पगारावर कर्ज काढून मी तिथंच स्लॅबचं घर बांधलं. बँकेतला साहेब पंधरा वर्षांचे हप्ते समजावून सांगत होता तेव्हा मला दसऱ्याचा मुकादम आठवत होता. ही पण उचलच. फक्त इथं मला खुर्ची मिळाली आणि अर्ध्या कोयत्याचं कुणी विचारलं नाही. जुन्या भिंती पाडल्या, पत्रे उतरवले. चौकट निघाली ती जशीच्या तशी, उंबऱ्याला थोडी वाळवी सोडली तर. नव्या घराला तयार दारं आली होती. मायनं चौकटीवर हात ठेवून सांगितलं, "ही अक्काला द्यायची. तिचं घर झालं की तिला लावू."

अक्काचं नाव घरकुलात आलं ते २०१९ ला. १,२०,००० रुपये, हप्त्याहप्त्यानं, आणि रोजगार हमीतून मजुरीचे वेगळे. दोनशे एकोणसत्तर चौरस फूट. सासऱ्याच्या पत्र्याच्या छपरात पंधरा वर्षं काढल्यावर तिचं स्वतःचं घर. मी टेम्पो ठरवला, मायला पुढं बसवलं, मागं चौकट आणि फळ्या, आणि आम्ही तिच्या गावी गेलो. भिंती झाल्या होत्या, दाराची जागा मोकळी होती.

अक्कानं चौकटीकडं बघितलं. हात लावला. मग म्हणाली, "मला नको ही."

"अगं, सागवानी हाय," माय म्हणाली.

"हाय की. मी लोखंडी दार सांगितलंय. उद्या येतंय."

"तुपल्या घामाचं घर व्हतं ते. तुपलंच दार हाय."

"पत्रे मपले व्हते, माय. दार तुपलं व्हतं." ती रागानं बोलली नाही. फळीच्या सांध्यात तिनं बोट घातलं, ते आरपार गेलं. "ह्या फटी बघ. मपल्या दोघी पोरी सहा म्हैने म्हातारीपाशी ऱ्हात्यात. म्हातारीला रातचं दिसत न्हाई. मला आतून कुलूप पायजे."

तिची थोरली तेव्हा आठवीत होती. पोरींना फडावर न्यायचं नाही, एवढं एक अक्कानं नवऱ्याकडून लिहून घेतल्यासारखं धरून ठेवलं होतं. आम्ही जेवलो. टेम्पोवाला घाई करायला लागला. चौकट पुन्हा चढवली. परतीच्या वाटेवर माय धारूर येईपर्यंत बोलली नाही. मग एकदम म्हणाली, "लोखंडी बरं. तिला कळतंय."

चौकट आता आमच्या जिन्याखाली उभी आहे. दिवाळीत माय तिला जवसाचं तेल लावते. मागच्या साली पुण्याकडचा एक माणूस जुनी दारं विकत घेत गावोगाव फिरत होता. त्यानं कमळं बघितली, गणपती बघितला आणि पंधरा हजार म्हणाला. मायला आधी खरं वाटेना.

"तुमच्या घराला दार न्हाई का, भाऊ?" तिनं विचारलं.

तो हसला. "घराला नको आजी. एका हॉटेलात भिंतीवर लावायचंय. शोभेला."

"भिंतीला?" माय म्हणाली, आणि त्याला चहा ठेवायला आत गेली.